लीड्सची क्ष-किरण प्रयोगशाळा आणि शेंगदाण्याचा कोट

शेंगा तेलाच्या गिरणीस आणि कापूस जिनांत गेला म्हणजे त्या मालाशीं आपला संबंध सुटला, अशी आपणां शेतकऱ्यांची समजूत असते, व व्यवहारापुरती ती खरीहि आहे. परंतु लोंकर इतकी कां ताणते, कापूस तसा कां ताणत नाहीं, पेंडींतील प्रथिन जनावरांच्या खाद्याखेरीज आणखी कशास उपयोगी पडेल, हे प्रश्न अखेर मालाच्या भावाशींच जाऊन भिडतात. आणि त्यांचीं उत्तरें डोळ्यांना दिसणाऱ्या आकारांत नसून अणूंच्या मांडणींत असतात. ही मांडणी वाचण्याचें काम ज्या एका प्रयोगशाळेनें मोठ्या निष्ठेनें केलें, आणि ऐन वेळीं हातचा डाव गमावलाहि, तिची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

इंग्लंडांतील लीड्स हें लोंकरी कापडाचें जुनें शहर. तेथील विश्वविद्यालयांत १९०९ सालीं विल्यम हेन्री ब्रॅग हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होऊन आले. १९१२ सालीं जर्मनींत म्यूनिक येथें लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकांतून क्ष-किरण सोडून पाहण्यांत आले, तेव्हां पलीकडील काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. त्या नक्षीचा उलगडा ब्रॅग यांचे चिरंजीव लॉरेन्स यांनीं त्याच वर्षीं केंब्रिज येथें केला, आणि पित्यानें लीड्समध्यें त्यासाठीं मोजणीचें यंत्र तयार केलें. मीठ व हिरा यांतील अणु कसे बसविलेले आहेत, हें १९१३ सालीं पितापुत्रांनीं दाखवून दिलें. १९१५ चें नोबेल पारितोषिक दोघांस मिळून देण्यांत आलें. पुत्राचें वय तेव्हां अवघें पंचवीस होतें.

यांतील युक्ति आपणांस परकी नाहीं. चौरस लावलेली मोसंबीची बाग डोळ्यांपुढें आणावी. बांधावरून चालत असतां एखाद्या ठिकाणीं झाडांच्या ओळी एकदम सरळ उघडतात व पार पलीकडचें दिसतें. दोन पावलें पुढें गेलें कीं सगळी दाटी. तिरप्या ओळींचेंहि तसेंच. कोणती ओळ कोणत्या कोनास उघडते हें नीट टिपून ठेवलें, तर बागेंत पाऊल न टाकतां तिची सारी आखणी कागदावर काढतां येईल. स्फटिकांत अणूंच्या अशाच ओळी असतात. मात्र त्यांमधील अंतर इतकें सूक्ष्म कीं, साध्या उजेडाची लहर त्याच्या हजारों पट मोठी पडते. क्ष-किरणांची लहर त्या अंतराच्याच मापाची असल्यामुळें ते ठराविक कोनांसच परततात. त्या परतलेल्या किरणांचे ठिपके घ्यावयाचे, कोन मोजावयाचे, आणि मग गणित करीत बसावयाचें. आज तें गणित यंत्रें करितात. त्या काळीं माणसें करीत, आणि एकेका पदार्थास महिनोगणती खपत.

ब्रॅग १९१५ सालीं लंडनला गेले. पुढें त्यांच्याच हाताखालीं तयार झालेले विल्यम अ‍ॅस्टबरी १९२८ सालीं लीड्सला आले. हे कुंभारकामाबद्दल प्रसिद्ध असलेल्या मुलखांत वाढलेले, भांडीं घडविणाऱ्या कारागिराचे पुत्र. त्यांच्या जागेचा खर्च लंडनमधील कापडवाल्यांच्या एका जुन्या संघानें उचलला होता. ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. धंद्यांतील लोकांनीं अणूंच्या अभ्यासास पैसा द्यावा, इतकी दूरदृष्टि नेहमीं आढळत नाहीं.

लोंकर, माणसाचा केस, शिंग यांची नक्षी एकच येते, हें अ‍ॅस्टबरी यांनीं पाहिलें. लोंकर भिजवून ताणली कीं नक्षी पालटते, आणि सोडली कीं पुन्हां पहिली येते. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यांतील सुमारें पांच भागांचें जें अंतर साध्या लोंकरींत दिसे, तें जाऊन ताणलेल्या लोंकरींत साडेतीनच्या जवळपासचें दिसूं लागे. यावरून त्यांनीं अनुमान केलें कीं, लोंकरींतील प्रथिनाची लांब सांखळी मुळांत घडी घालून बसलेली असते, व ताणल्यावर ती घडी उलगडते. घडीचा जो आकार त्यांनीं कल्पिला तो चुकीचा होता. खरा आकार मळसूत्री आहे, हें अमेरिकेंत पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं १९५१ सालीं सिद्ध केलें. पण घडी आहे, हें म्हणणें टिकलें.

घडी उलगडतां येते, तर तंतु नसलेल्या प्रथिनाचाहि तंतु कां करूं नये? या विचारांतून शेंगदाण्याचा प्रयोग निघाला. तेल काढलेल्या पेंडींत निम्म्याच्या आसपास प्रथिन असतें. तें विरघळवून बारीक छिद्रांतून अम्लाच्या कुंडांत सोडलें म्हणजे त्याचे मऊ, उबदार धागे होतात. इंपीरियल केमिकल कंपनीनें त्यास ‘आर्डिल’ असें नांव दिलें. अ‍ॅस्टबरी या धाग्याचा ओव्हरकोट घालून हिंडत. स्कॉटलंडांत डम्फ्रीझ येथें १९५१ सालीं कारखाना सुरू झाला, आणि १९५७ सालीं बंद पडला. ओला झाला कीं हा धागा दुबळा होई, आणि नायलॉनसारखे रासायनिक धागे पुढें सरसावले होते. पुष्कळांनीं या कोटाची थट्टा केली. आमच्या मतें ती अस्थानीं आहे. बाजारांत धागा हरला; प्रयोगशाळेचें अनुमान हरलें नाहीं.

खरी चुकामूक दुसरीकडे झाली. १९३८ सालीं अ‍ॅस्टबरी व त्यांच्या शिष्या फ्लॉरेन्स बेल यांनीं वासराच्या ग्रंथींतून काढलेल्या डीएनए या द्रव्याचीं छायाचित्रें घेऊन त्याची मांडणी नाण्यांच्या चळतीसारखी आहे असें प्रसिद्ध केलें. बियाण्याचा व जनावराच्या वाणाचा गुण पुढल्या पिढींत नेणारें द्रव्य हेंच, हें त्या वेळीं ठरलेलें नव्हतें. युद्धोत्तर काळांत अ‍ॅस्टबरी यांच्या नव्या विभागास एक जुनें राहतें घर मिळालें. तेथें १९५१ सालीं त्यांचे सहायक बाइटन यांनीं त्याच द्रव्याचीं जीं छायाचित्रें घेतलीं, त्यांत फुलीसारखी आकृति स्वच्छ दिसत होती. पुढल्या वर्षीं लंडनमध्यें रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेंत निघालेल्या तशाच छायाचित्राच्या आधारानें १९५३ सालीं वॉटसन व क्रिक यांनीं दुहेरी मळसूत्राचा शोध लावला. लीड्सचीं छायाचित्रें अ‍ॅस्टबरी यांनीं छापलींच नव्हतीं.

अ‍ॅस्टबरी १९६१ सालीं वारले. लीड्स विश्वविद्यालयांत १९९९ पासून त्यांच्या नांवाचें केंद्र आहे. तेथें क्ष-किरणांच्या जोडीस आतां अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकहि आले आहेत. चवळीवर मोझेइक रोग आणणारा विषाणु आपलें कवच कसें जुळवितो, हें तेथील संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलें तें याच दुसऱ्या साधनानें.