गोठ्याच्या वरचा डोंगर

१९८७ च्या जुलैमध्ये आंदर मावळातल्या एका वाडीवर मी म्हशी मोजायला गेलो होतो. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत बँकेने कर्ज देऊन घेतलेल्या म्हशी जागेवर आहेत का, त्यांच्या कानात विम्याचे बिल्ले आहेत का, हे पाहणे माझ्याकडे होते. टाकव्यापर्यंत मोटारसायकल, पुढे चिखल. चार दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. ठोकरवाडीच्या तलावावर ढग असे टेकले होते की पाणी कुठे संपते ते कळेना.

वाट दाखवायला वाडीतले एक बाबा आले. डोक्यावर इरले, हातात काठी. डोंगराच्या पोटातून जाणारी जवळची वाट सोडून ते मला सोंडेवरून चढवू लागले. तासाभराचा वळसा! मला चारच्या आत शाखेत परतायचे होते. मी कुरकुरलो तेव्हा त्यांनी खाली काठी दाखवली.

"सायेब, त्यो व्हळ बघा. काल लाल पानी वाहत व्हतं, आज आटलाय. एवढ्या पावसात व्हळ आटला म्हंजी पानी वर कुठंतरी तुंबलंय. त्याच्या खालनं जाऊ नये."

मी काही बोललो नाही, पण मनातले तोंडावर दिसले असणार. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने निरोप आणला, ती खालची वाट दरडीने पुसली गेली. माणूस कुणी नव्हते. पुढे कादंबऱ्यांतून मी पुष्कळ खोटे लिहिले; हा प्रसंग मात्र कधी वापरता आला नाही, कारण त्यात मी फारच मूर्ख दिसतो.

बाबांचे म्हणणे भूशास्त्रातही बसते. आपल्या सह्याद्रीत काळ्या पाषाणावर माती-मुरुमाचा थर बसलेला असतो. सलग पावसाने तो जड होतो, आणि पाषाण व माती यांच्यामध्ये शिरलेले पाणी त्याची पकड सैल करते. हिमालयात बर्फाचे तेच. खालचा थर कमकुवत, त्यावर नव्या बर्फाचे ओझे, आणि उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा, म्हणजे नेमका चालायला मोह पडावा असा. फरक इतकाच की तिथे पुष्कळदा चालणाऱ्याच्याच वजनाने हिमस्खलन सुरू होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तरकाशीजवळ 'द्रौपदी का डांडा' शिखरावर गिर्यारोहणाचे प्रशिक्षण घेणाऱ्यांवर बर्फ कोसळला आणि दोन डझनांहून अधिक जीव गेले. संशयास्पद उतारावर एकेकाने, अंतर ठेवून जावे आणि शक्य तर जाऊच नये, हा तिथला नियम इथेही चालतो.

पण इकडे बहुतेक वेळा माणूस वाटेवर नसतो, घरात असतो. ३० जुलै २०१४ ला सकाळी माळीण गाडले गेले आणि एस. टी.च्या चालकाला गावच दिसले नाही. १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळिये, ८० हून अधिक. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी: २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. ती वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती.

माळीणची बातमी वाचताना मला आठवला तो बाबांचा गोठा. म्हशींनंतर दोन वर्षांनी त्यांनी गोठ्यासाठी कर्ज मागितले. जागा सपाट करायला डोंगराचा पायथा पुरुषभर कापला होता, तो मी उभा राहून पाहिला. अर्जात सात-बाराचा उतारा होता, दोन जामीनदार होते. वर काय आहे, हे विचारणारा रकाना छापलेला नव्हता. ज्या माणसाने मला उतार वाचून दाखवला होता, त्याच्याच गोठ्याची शिफारस मी पाच मिनिटांत केली. त्यांनी तरी तिथे का बांधला, हेही मी विचारले नाही.

म्हणून त्या ऑगस्टमध्ये मी वाडीवर गेलो. बाबा नव्हते. गोठा होता, आणि त्याला लागून आता घरही. मागच्या कापलेल्या भिंतीतून गढूळ पाणी झिरपत होते, वरचे आंब्याचे झाड घराकडे झुकलेले. जमिनीला भेगा, झुकलेली झाडे, नवे झरे, एकाएकी गढूळणारे पाणी, मधेच अडकू लागलेली दारे: ही सगळी डोंगराची नोटीस असते. मी ते नातवाला सांगायला लागलो. त्याने ऐकून घेतले.

"काका, आमाला दिसतंय की. पन जायचं कुठं? खाली तळं, वर फारेस्ट."

मी उत्तर देऊ शकलो नाही.

पावसाळ्यातल्या रविवारी आपण सारे मावळात जातो, जावेच. गाडी कापलेल्या डोंगराखाली उभी करू नये, आणि ओढ्याच्या पात्रात मुलांना उतरवू नये. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे पाहता पाहता वाहून गेली. वाडीवरचा माणूस 'नका जाऊ' म्हणाला तर घड्याळ पाहू नये.

तो नातू मला अजून फोन करतो. पाऊस सलग दोन दिवस लागला की घरची माणसे रात्री शाळेत झोपायला जातात. म्हशी गोठ्यातच असतात, पण दावी सोडून ठेवलेली.