कासवाचं पिल्लू खात नाही, म्हणजे नेमकं काय होत नाही?

हिवाळा लागला की माझ्या फोनवर एक ठरावीक मेसेज यायला लागतो. "ताई, कासव चार दिवस काहीच खात नाहीये. काय करू?" सोबत एक हललेला फोटो. मी बाह्यतापी प्राण्यांच्या चयापचयावर पीएचडी करते, त्यामुळे ओळखीतल्या सगळ्या कासवांची मी आपोआप फॅमिली डॉक्टर झाले आहे. (मी डॉक्टर नाही. हे पुढे पुन्हा येईल.) पण हा मेसेज मला आवडतो, कारण संशोधनाची तयारी करणाऱ्यांना प्रश्न कसा सोडवायला घ्यावा हे दाखवायला याच्याइतकं छोटं आणि खरं उदाहरण दुसरं सापडत नाही. आणि इथे उत्तर चुकलं तर नुसते मार्क जात नाहीत. साधारण तीन सेंटीमीटर लांबीचा, दहा ग्रॅमच्या आसपास वजनाचा जीव जातो.

पहिली अडचण भाषेचीच. मराठीत जमिनीवरचं, पाण्यातलं, समुद्रातलं, सगळं 'कासव'. इंग्रजीत जमिनीवरच्याला टॉर्टॉइज हा वेगळा शब्द आहे आणि इंटरनेटवरचा अर्धा सल्ला त्याच्यासाठी लिहिलेला असतो: कोरडी जागा, पालेभाजी, गवत. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या घरांत काचेच्या टाकीत असतं ते बहुतेक वेळा रेड-इअर्ड स्लायडर. मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, पाण्यातलं कासव. ते घास पाण्यातच गिळतं. त्याला कोरड्या ताटलीत कोथिंबीर ठेवून "खात नाही" म्हणणं म्हणजे माशाला झाडावर बसवण्यासारखं आहे. तेव्हा निरीक्षण लिहायच्या आधी प्रजाती ओळखा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव किंवा मऊ कडांचं आपल्या तळ्यातलं कासव घरात असेल तर प्रश्न भुकेचा उरतच नाही. ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, घरात ठेवता येत नाहीत. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करायचा.

आता स्लायडरच्या पिल्लाकडे येऊ. "खात नाही" हे निरीक्षण नाही, निष्कर्ष आहे. मी उलट विचारते: अन्नाकडे जातच नाही? जातं, हुंगतं आणि मागे फिरतं? तोंडात घेऊन थुंकतं? की तुमच्यासमोर खात नाही, पण सकाळी अन्न गायब असतं? चारही वेळा घरातले लोक एकच वाक्य बोलतात, पण कारणं चार दिशांना जातात. अन्नाकडे जातच नसेल तर थंडी, भीती किंवा डोळे. थुंकत असेल तर तुकडा मोठा आहे, अन्न अनोळखी आहे किंवा तोंडात जखम आहे. समोर खात नसेल तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. नव्या घरात आलेलं पिल्लू काचेबाहेरच्या प्रत्येक चेहऱ्याला बगळाच समजतं. आणि अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू पहिले काही दिवस खात नाही ते पोटातल्या बलकाच्या शिदोरीवर. तिथे घाई करायचं कारण नाही.

एवढं चाळून झालं की माझ्या अनुभवात उरतं ते तापमान. यावर जरा थांबते, कारण सगळा खेळ इथे आहे.

आपण शाळेत 'शीतरक्ताचे प्राणी' शिकलो. हा शब्द फसवा आहे. उन्हात बसलेल्या सरड्याचं रक्त तुमच्याइतकंच गरम असू शकतं. फरक उष्णता कुठून येते याचा आहे. आपण ती आत तयार करतो, कासव ती बाहेरून घेतं, म्हणून बाह्यतापी. त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग पाण्याच्या तापमानाबरोबर हलतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की अशा क्रियांचा वेग निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर येतो. पुण्यात डिसेंबरात रात्रीचं तापमान १०-१२ अंशांपर्यंत सहज उतरतं; उघड्या खिडकीपाशी ठेवलेल्या टाकीतलं पाणी पहाटे १८ च्या आसपास असलं तर नवल नाही. पिल्लाला हवं असतं साधारण २६ ते २८ अंश पाणी, आणि बाहेर चढून शेकायला ३० च्या वर गेलेली कोरडी जागा. म्हणजे त्याची पचनसंस्था अर्ध्या किंवा त्याहून कमी वेगाने चालली आहे. आतडं हळू सरकतं, विकर मंदावतात, आधीचं अन्न पुढे गेलेलं नसतं. अशा वेळी भूक न लागणं हा बिघाड नाही, शरीराने घेतलेला योग्य निर्णय आहे. म्हणूनच थंड पिल्लाच्या तोंडात जबरदस्तीने अन्न कोंबणं घातक ठरतं: न पचलेलं अन्न पोटात कुजायला लागतं. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. हा क्रम उलटा करू नका.

पण "थंडी आहे म्हणून खात नाही" इथेच थांबलात तर संशोधक म्हणून कच्चे राहाल. १९७५ साली मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना या सरड्यांना एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूचा संसर्ग केला आणि त्यांना ३४ ते ४२ अंशांच्या दरम्यान वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. जास्त तापमानातले जास्त जगले. सरड्याला ताप आतून आणता येत नाही. मोकळं सोडलं तर तो ऊब शोधत जाऊन ताप 'कमावतो'. आता आपल्या टाकीकडे बघा. थंडीमुळे भूक जाते. आजारामुळेही भूक जाते. आणि थंडीमुळे रोगप्रतिकारशक्ती ढिली पडून आजारही येतो, तोही अशा जिवाणूंचा जे गढूळ पाण्यात आरामात राहतात. दोन कारणं, एकच लक्षण, आणि पहिलं कारण दुसऱ्याला जन्म देतंय. संख्याशास्त्राच्या तासाला 'गोंधळी चल' म्हणून जे पाठ करतो ते हेच. थर्मामीटर १८ दाखवतोय म्हणून पिल्लू फक्त गारठलंय असं सिद्ध होत नाही.

वेगळं कसं करायचं? पाणी काही तासांत हळूहळू गरम करायचं, थर्मोस्टॅट असलेला हीटर आणि त्यावर जाळी लावून (पिल्लू हीटरला चिकटून बसतं आणि भाजतं). मग दोन-तीन दिवस बघायचं. नुसतं गारठलेलं पिल्लू या काळात हालचाल करायला लागतं, शेकायला चढतं, घास धरतं. ऊब मिळूनही ते तसंच पडून असेल तर थंडीचं गृहीतक मागे पडलं.

इथे प्रयोगशाळेतली शिस्त आणि घरातली गरज भांडतात. प्रयोगात आपण एका वेळी एकच चल बदलतो, किंवा आराखडाच असा करतो की दोन चलांचे परिणाम वेगळे काढता येतील. २००३ साली व्हिएन्नात वीस्नर आणि इबेन यांनी आफ्रिकन जमिनीवरच्या कासवांच्या पिल्लांवर असाच प्रयोग केला. पाठीवर उंचवटे येतात ते जास्त प्रथिनांमुळे, असं पाळणारे वर्षानुवर्षं मानत होते. त्यांनी हवेतली आर्द्रता आणि आहारातली प्रथिनं वेगवेगळी बदलली, आणि मोठा वाटा कोरड्या हवेचा निघाला. सगळं एकदम बदललं असतं तर पिल्लं कदाचित सुधारली असती, पण कारण कळलं नसतं. पण घरातलं दहा ग्रॅमचं पिल्लू हा नमुना नाही. पाणी गार, घाण आणि उजेड नाही असं तिन्ही असेल तर तिन्ही आजच बदला. कारण कळलं नाही तरी चालेल. उपचार आणि प्रयोग यांतला हा फरक तुमच्या गाईडनेही कधीतरी स्पष्ट सांगायला हवा, असं मला वाटतं.

उजेडाबद्दल थोडक्यात. कॅल्शियम शोषून घ्यायला ड३ जीवनसत्त्व लागतं, ते बनायला यूव्हीबी किरण लागतात आणि खिडकीची काच ते जवळजवळ सगळे अडवते. "रोज उन्हात ठेवतो, काचेच्या आतून" हे वाक्य मी फार ऐकलंय. कोवळ्या उन्हात थेट न्या, पण काचेच्या टाकीसकट नव्हे. ती टाकी मिनिटांत भट्टी होते. पसरट टब घ्या, अर्ध्या भागावर सावली ठेवा आणि तुम्ही तिथून हलू नका. कावळे असतात.

आहाराची चूक दुकानापासून सुरू होते. पिल्लासोबत वाळवलेल्या झिंग्यांचा डबा मिळतो, म्हणजे आपली सुकटच, आणि तेच महिनोन्महिने चालतं. त्यात अ जीवनसत्त्व पुरेसं नसतं. ते कमी पडलं की डोळ्यांच्या ग्रंथींचं अस्तर बदलतं, पापण्या सुजून डोळे मिटतात, आणि न दिसणारं पिल्लू अन्न शोधू शकत नाही. घरचे म्हणतात झोपलंय. यावर कुणी अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सुचवलं तर ते घरी अजिबात नाही: मात्रा जास्त झाली तर कातडी सोलून निघते.

उलट टोकाला "कासव शाकाहारी असतं" ही श्रद्धा. मोठं स्लायडर बरीच वनस्पती खातं, पिल्लू मात्र मुख्यतः किडे, अळ्या, गोगलगायी. का? एक शक्यता अशी की लहान आतड्याला पाला पचतच नाही. सारा बुशार्ड आणि कॅरन ब्योर्नडाल यांनी २००६ च्या पेपरात हीच शक्यता तपासली, डकवीड ही पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती आणि कोळंबी खायला देऊन. पिल्लांना वनस्पती पचवता येते असं दिसलं. मग उरतं वाढीचं गणित: प्राणिज अन्नावर पिल्लू लवकर मोठं होतं. म्हणून गांडुळाचे बारीक तुकडे, चांगल्या कंपनीचे कासवांचे दाणे, आणि सोबत थोडं हिरवं. रुसलेल्या पिल्लासमोर मी आधी हलणारं अन्न ठेवायला सांगते. वळवळणाऱ्या तुकड्याकडे ते दाण्यापेक्षा लवकर वळतं.

हे सगळं करताना वही ठेवा. सकाळी सहा आणि दुपारी दोनला पाण्याचं तापमान, रोज एकाच वेळी ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन, काय दिलं, किती उरलं, शी केली का. आठवणीवर विसंबलेला माणूस "दहा दिवस खाल्लं नाही" म्हणतो आणि वहीत चार दिवस निघतात. कधी उलटंही होतं. पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुवा, टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेला सहज असतो. मुलं आजारी पडत होती म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी घातली.

नाकातून बुडबुडे, पोहताना एका बाजूला कलणं, तोंड उघडून श्वास, सुजून मिटलेले डोळे, हातात लुळं पडलेलं अंग: यातलं एकही दिसलं तर वहीत नोंद करत बसू नका, त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जा. ऊब, पाणी, अन्न सगळं ठीक असून आठवडा उलटला तरीही जा. नेताना पाण्यात नको, ओल्या फडक्यावर, भोकं पाडलेल्या डब्यात, थंडी असेल तर बाजूला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. वही सोबत घ्या. आणि कंटाळून तळ्यात सोडायचा विचार असेल तर तोही नको. हे कासव जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे, आणि आपल्या तळ्यांतल्या देशी कासवांना त्याच जागेवर, त्याच अन्नावर जगायचं असतं.