जमीन रिकामी नव्हती, हे त्यांना ठाऊक होते

ऑस्ट्रेलियाचा इतिहास सांगताना एक समजूत हमखास पुढे येते. इंग्रजांना तिथे अफाट, विरळ वस्तीचा मुलूख दिसला, तिथल्या माणसांची शेते वा कुंपणे दिसली नाहीत, आणि म्हणून ही जमीन कोणाच्याच मालकीची नाही असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले, अशी ती समजूत. ती खरी मानली तर पुढचा सगळा अन्याय अज्ञानाच्या खात्यावर जमा होतो. वसाहतीचे स्वतःचे कागद मात्र वेगळेच सांगतात. १७६८ साली जेम्स कुक निघाला तेव्हा ब्रिटिश नौदलाने त्याला दिलेल्या गुप्त सूचनांत स्पष्ट म्हटले होते की, वस्ती असलेल्या मुलखाचा ताबा तिथल्या लोकांच्या संमतीने घ्यावा. १७७० मध्ये कुकने पूर्व किनारा राजाच्या नावाने घोषित केला तो कोणाचीही संमती न घेता, आणि किनाऱ्यावर माणसे आहेत हे त्याने स्वतःच्या रोजनिशीत नोंदवले होते. पहिला गव्हर्नर आर्थर फिलिप याने तर १७८८ च्या मे महिन्यातच लंडनला कळवले की बॉटनी बे, पोर्ट जॅक्सन, ब्रोकन बे आणि मधला किनारा एवढ्या पट्ट्यातच दीड हजारांहून कमी लोक नसावेत. ठाऊक नव्हते म्हणायला जागाच उरत नाही.

सर्वांत बोलका पुरावा १८३५ चा आहे. आज जिथे मेलबर्न वसले आहे, जिथे कितीतरी मराठी कुटुंबांनी घरे केली आहेत, त्या परिसरात त्या वर्षी जॉन बॅटमन उतरला आणि जून महिन्यात त्याने तिथल्या कुलिन लोकांच्या वडीलधाऱ्यांशी करारनामा केला. ब्लँकेटे, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, पीठ आणि दर वर्षी असाच काही माल, या बदल्यात सुमारे सहा लाख एकर जमीन! बॅटमन सज्जन नव्हता. टास्मानियात मूळ रहिवाशांना पकडण्याच्या आणि मारण्याच्या मोहिमांत त्याचा हात होता. कायमची विक्री ही कल्पना कुलिन लोकांना मान्य असण्याची शक्यताही कमीच. परक्याला आपल्या मुलखात येऊ देण्याचा काही विधी चालला आहे असे त्यांना वाटले असावे. तरीही गव्हर्नर रिचर्ड बर्कने ऑगस्टमध्ये काढलेला जाहीरनामा पाहावा. असे सर्व करार राजसत्तेपुढे रद्दबातल आहेत आणि सरकारच्या परवानगीविना त्या ‘मोकळ्या’ जमिनीवर जाणारा अतिक्रमण करणारा ठरेल, असे त्यात बजावले होते. कुलिन लोकांची फसवणूक टळावी म्हणून करार रद्द केला असता तर जमीन त्यांचीच राहिली असती. इथे ती सरकारजमा झाली. घरात कोणी राहतच नसेल, तर त्या घराचे खरेदीखत करू नका अशी दवंडी कशाला पिटावी लागते?

यावर नेहमीचा आक्षेप असा की, हे लोक शिकार आणि कंदमुळांवर जगत होते. जमिनीवर श्रम केल्याशिवाय मालकी कशी? व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्येला बुज बिम इथे जाऊन पाहिले तर हा आक्षेप डळमळतो. जुन्या ज्वालामुखीच्या काळ्या दगडांतून गुंडिचमारा लोकांनी पाट काढले, बंधारे घातले, डोह अडवले. पाण्याचा लोंढा आला की वाम मासे त्या पाटांतून वळत. बांधातल्या फटीला लांबट विणलेली टोपली लावलेली असे, मोठा मासा तिच्यात अडके आणि लहान निसटून जाई. यातला जुना भाग सुमारे ६,६०० वर्षांपूर्वीचा आहे. २०१९ साली युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारसा म्हणून मान्य केले. १८४१ मध्येच जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन या सरकारी अधिकाऱ्याने त्या प्रदेशातले असे चर पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले होते. तरीही मूळ रहिवाशांना शेतकरी ठरवण्याची सध्याची घाई मला पटत नाही. शेती केली तरच हक्क, ही अट मुळात जमीन घेणाऱ्याने घातलेली आहे. कोणत्या झऱ्यावर कोणत्या कुळाचा अधिकार आणि परक्याने कोणाची परवानगी घ्यायची हे जिथे ठरलेले असते, तिथे नांगर नसला तरी मालकी असते.

दुसरा आक्षेप काळाचा. अठराव्या शतकातल्या माणसांना आजच्या फूटपट्टीने मोजू नये, हे बरोबर आहे. पण इथे फूटपट्टी त्यांचीच आहे. उत्तर अमेरिकेत ब्रिटिशांनी आदिवासी राष्ट्रांशी तह केले, १८४० मध्ये न्यूझीलंडमध्ये माओरी प्रमुखांशी वायतांगीचा तह केला. ऑस्ट्रेलियात मात्र ब्रिटिश सरकारने असा एकही तह केला नाही. लोक रोगराईनेच मेले, हा मुद्दाही असाच. १७८९ च्या देवीच्या साथीने सिडनीभोवती भयंकर संहार केला हे खरे, पण मालक मेल्याने वारसांचा हक्क मरत नाही. शिवाय बंदुकीचा वाटा लपवता येत नाही. १८३८ साली मायल क्रीक इथे किमान २८ निःशस्त्र माणसांची कत्तल झाली, त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे होती. त्यासाठी सात जण फासावर गेले. म्हणजे मूळ रहिवाशाचा खून हा कायद्याने खून होता; त्याच्या जमिनीची मात्र तोच कायदा दखल घेत नव्हता.

आणि एवढे सगळे नोंदलेले असताना १८८९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने म्हटले की हा मुलूख जवळपास निर्जन होता, तिथे स्थिर कायदा नव्हता. हे वाक्य शंभर वर्षे पुरले. १९७१ मध्ये योल्ङू या मूळ रहिवाशांनी खाणकंपनीविरुद्ध लावलेल्या खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी त्यांची कायदेव्यवस्था अत्यंत सूक्ष्म आणि काटेकोर असल्याचे मान्य केले, तरी निकाल खाणकंपनीच्या बाजूनेच दिला. ही कोंडी फोडली टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाच्या एडी माबो यांनी. टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात ते माळीकाम करत. तिथल्या इतिहासकारांशी बोलताना त्यांना कळले की वाडवडिलांची वाडी कायद्याने सरकारची आहे. १९८२ मध्ये त्यांनी आणि सोबत्यांनी दावा लावला. क्वीन्सलँड सरकारने १९८५ मध्ये खास कायदा करून हे हक्क पूर्वलक्षी प्रभावाने पुसू पाहिले. नसलेला हक्क कोणी पुसत नाही. ३ जून १९९२ रोजी उच्च न्यायालयाने ६ विरुद्ध १ मतांनी मेरच्या लोकांचा हक्क मान्य केला. माबो जानेवारीतच वारले होते.

निकालाने दार उघडले, पण अट ठेवली: परंपरेने चालत आलेला संबंध अखंड असल्याचे सिद्ध करा. मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांना ते जमले नाही असे १९९८ मध्ये न्यायालयाने ठरवले आणि २००२ मध्ये अपील फेटाळले गेले. त्यांच्या वृद्धांच्या तोंडी साक्षीपेक्षा त्याच जमिनीवर एकेकाळी मेंढ्या चारणाऱ्या एडवर्ड करच्या लिखाणाला अधिक वजन मिळाले. १८८१ साली त्यांच्या पूर्वजांनी गव्हर्नरला अर्ज केला होता: आमच्या जमिनी गेल्या, पोट भरायला थोडी जमीन द्या. तोच अर्ज, परंपरा तुटल्याचा पुरावा म्हणून, त्यांच्या पणतवंडांविरुद्ध वापरला गेला.