पुनःसंयोजित मानवी पीडी-१ : एका सामासिक नावाचा विग्रह

शास्त्रीय परिभाषेतील दीर्घ नावे बहुधा समासच असतात; आणि विग्रह चुकला म्हणजे अर्थही चुकतो, हे व्याकरणाच्या अभ्यासकास सांगावयास नको. प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या कुपीवर 'पुनःसंयोजित मानवी पीडी-१, एफसी-युक्त' अशा धर्तीचे नाव आढळते. त्यातील प्रत्येक पदाचा नेमका अर्थ कोणता, आणि तो न जाणल्यास प्रयोगाचा निष्कर्ष कसा बिघडतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम 'पीडी-१' हे पद घेऊ. शरीराचे रक्षण करणाऱ्या टी पेशींच्या पृष्ठभागावर अनेक ग्राही प्रथिने असतात. बाहेरील संदेश स्वीकारून तो पेशीच्या अंतरंगात पोहोचविणे, हे त्यांचे कार्य होय. पीडी-१ हे त्यांपैकीच एक. क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली त्याचे जनुक प्रसिद्ध केले. पेशीच्या नियोजित मृत्यूशी त्याचा संबंध असावा, या समजुतीने 'प्रोग्रॅम्ड डेथ' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नामकरण झाले. पुढे १९९९ साली असे दिसून आले की, हे जनुक नाहीसे केलेल्या उंदरांची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते. यावरून हा ग्राही टी पेशींना आवर घालणारा लगाम आहे, हे स्पष्ट झाले. नाव मात्र रूढ झाले ते झालेच. व्युत्पत्ती आणि प्रत्यक्ष अर्थ यांची अशी फारकत भाषेत नवी नाही.

'मानवी' हे विशेषण अधिक फसवे आहे. हे प्रथिन मानवी शरीरातून काढलेले नसते. त्यातील अमिनो आम्लांचा अनुक्रम तेवढा मानवी जनुकाप्रमाणे असतो. ते जनुक वाहक डीएनएशी जोडून दुसऱ्या पेशीत घालतात व तिच्याकडून प्रथिन घडवून घेतात. 'पुनःसंयोजित' या पदाने हीच क्रिया सूचित होते. घडविणारी पेशी जीवाणूची असेल, चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून मिळविलेली असेल, किंवा मानवी भ्रूणाच्या वृक्कापासून मिळविलेल्या 'हेक-२९३' या वाणाची असेल. संहिता एकच असली तरी लेखनिकागणिक प्रत बदलते, तसाच हा प्रकार. पीडी-१ च्या बाह्य भागावर शर्करा जोडल्या जाण्याच्या चार जागा आहेत, प्रचारातील ई. कोलाय जीवाणू तेथे मानवी पेशीप्रमाणे शर्करा जोडत नाही. काही प्रतिपिंड तर शर्करेसह असलेला ग्राहीच नीट ओळखतात.

नावात जे सांगितलेले नसते, ते सर्वांत महत्त्वाचे. संपूर्ण पीडी-१ घडते तेव्हा २८८ अमिनो आम्लांचे असते. त्याचा एक भाग पेशीबाहेर, एक पेशीपटलात व एक पेशीच्या आत असतो. आवर घालण्याचा संदेश आतल्या भागाकडून निघतो. कुपीत मात्र बहुधा बाह्य भागच असतो. तो आपल्या जोडीदार प्रथिनाला, म्हणजे पीडी-एल१ ला, धरू शकतो. संदेश देऊ शकत नाही. उलट, संवर्धनात पुरेशा प्रमाणात मिसळल्यास तो पीडी-एल१ अडवून धरतो व पेशीवरील खऱ्या ग्राहीचा लगाम सैल करू शकतो. 'ग्राही मिसळला, म्हणजे आवर वाढला' असे अनुमान करणारा विद्यार्थी येथे नेमका विरुद्ध टोकास जातो.

राहिले 'एफसी'. हा प्रतिपिंडाच्या स्थिर भागाचा तुकडा शेपटीसारखा जोडलेला असतो. त्यामुळे दोन रेणू जोडीने राहतात व बंधन असते त्याहून दृढ भासते. शिवाय अनेक पेशींवर एफसीला धरणारे स्वतंत्र ग्राही असतात. म्हणून केवळ एफसी घेऊन तुलनेचा प्रयोग केल्यावाचून दिसलेले बंधन पीडी-१ चेच, असे म्हणता येत नाही.

होंजो यांना जेम्स ॲलिसन यांच्यासमवेत २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पीडी-१ ला अडविणारे प्रतिपिंड आज कर्करोगावर वापरले जातात. असे प्रतिपिंड पारखताना हेच प्रथिन उपयोगी पडते. तेव्हा प्रबंधात केवळ 'मानवी पीडी-१' असे लिहून थांबू नये. कोणता भाग, कोणत्या पेशीत घडविलेला आणि कोणत्या शेपटीसह, हे तिन्ही प्रथमोल्लेखीच सांगावे. विग्रह पूर्ण झाल्याखेरीज समासाचा अर्थ लावू नये, हा नियम येथेही तितकाच लागू आहे.