नियंत्रण जाळ्याची नोंदवही हरवली तर?

मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृहातील हवेचा दाब बाहेरच्या कॉरिडॉरपेक्षा किंचित जास्त ठेवतात. त्यामुळे बाहेरची हवा सहसा आत शिरत नाही. क्षयरोग्याच्या विलगीकरण खोलीत नेमके उलटे असते. तिथे दाब कमी ठेवतात, म्हणजे खोकल्यातून उडालेले जंतू बाहेर पडत नाहीत. दोन्हीकडे अपेक्षित असलेला किमान फरक साधारण २.५ पास्कल, म्हणजे पाण्याच्या पाव मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो.

हा नाजूक तोल दाबमापक, पंखे आणि हवेच्या झडपा सांभाळतात. आधुनिक इमारतीत अशी शेकडो उपकरणे एका जाळ्यात जोडलेली असतात. ‘लॉनवर्क्स’ आणि ‘केएनएक्स’ या त्यासाठीच्या दोन प्रचलित पद्धती. यांत प्रत्येक उपकरण आपल्या कामापुरती माहिती स्वतःजवळ ठेवते. संपूर्ण जाळ्याची नोंदवही, म्हणजे डेटाबेस, मात्र जोडणी करणाऱ्या अभियंत्याच्या संगणकावर असते. ती नष्ट झाली तरी पंखे फिरत राहतात. म्हणूनच तिची उणीव कुणाला जाणवत नाही. एखादे उपकरण बिघडले आणि बदलायची वेळ आली, की मगच ती जाणवते.

अशा वेळी एक उपाय सुचवला जातो: जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला प्रश्न विचारून नोंदवही पुन्हा तयार करायची. हे काही प्रमाणात जमते. उपकरणाचा पत्ता, निर्माता आणि ते कोणते संदेश पाठवते किंवा ऐकते, हे बरेचसे कळते. पण बरेच काही कळतही नाही.

पहिली अडचण नावांची. केएनएक्समधील उपकरणाच्या स्मृतीत संदेशाचा गट ‘२/३/१४’ अशा आकड्याच्या रूपात असतो. तो शस्त्रक्रियागृहाचा की विलगीकरण खोलीचा, हे फक्त हरवलेल्या नोंदवहीत लिहिलेले होते. लॉनवर्क्सच्या चिपमध्ये ठिकाण लिहायला जागा आहे, पण ती अवघ्या सहा बाइटची. एवढ्या जागेत ‘अतिदक्षता विभाग, दुसरा मजला’ मावत नाही.

दुसरी अडचण अर्थाची. स्मृतीतील आकड्यांचा अर्थ लावायला निर्मात्याची त्या मॉडेलची फाइल लागते. जुन्या मॉडेलची फाइल मिळाली नाही, तर हाती नुसते आकडे राहतात.

तिसरी अडचण मौनाची. वीज बंद असलेले किंवा बिघडलेले उपकरण उत्तर देत नाही आणि नव्या नोंदवहीतून गळते. शिवाय दुरुस्तीच्या वेळी एखादी झडप तात्पुरती अर्धी उघडी ठेवली असेल, तर तीच मूळ योजना समजून नोंदली जाते. उपकरण आजची स्थिती सांगते. ती तशी का ठेवली, हे त्याला माहीत नसते.

चौथी अडचण सुरक्षेची. ‘केएनएक्स सिक्युअर’ उपकरणांच्या गुप्त किल्ल्या मूळ प्रकल्पाच्या फाइलमध्ये असतात. उपकरणातून त्या वाचताच येऊ नयेत, अशीच रचना आहे. फाइल गेली की ते उपकरण कारखान्यातून आलेल्या स्थितीत नेऊन नव्याने जोडावे लागते.

म्हणून अशी पुनर्बांधणी हा कामाचा आरंभ असतो. पुढचे काम पायांनी करायचे. एकाने संगणकावरून एखाद्या पत्त्यावरच्या उपकरणाचा दिवा लावायचा आणि दुसऱ्याने शिडी घेऊन छतामागे तो शोधायचा. प्रत्येक खोलीचा दाब आणि हवेची दिशा स्वतंत्र उपकरणाने तपासल्याशिवाय नव्या नोंदवहीवर विसंबू नये. नाहीतर दोन खोल्यांची नावे एकमेकांना लागली, तर पडद्यावर सारे ठीक दिसेल आणि दुरुस्ती मात्र भलत्याच खोलीत होईल.

यापेक्षा सोपा मार्ग आधीच हाती असतो. काम ताब्यात घेतानाच प्रकल्पाची पूर्ण फाइल, पासवर्ड आणि किल्ल्या रुग्णालयाने लेखी मागून घ्याव्यात, ही अट कंत्राटातच असावी. प्रत्येक बदलानंतर नवी प्रत काढावी, एक प्रत इमारतीबाहेर ठेवावी आणि खोलीनिहाय उपकरणांची छापील यादीही जपावी. वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडत नसलेली प्रत अडचणीच्या वेळी कामाची नसते.