पिकअपचा आकडा

भांडगावातून पुणे-सोलापूर महामार्गावर गाडी घालताना यवतकडून येणाऱ्या वाहनांचा अंदाज घ्यावाच लागतो. ताशी ९०ने येणारी गाडी सेकंदाला २५ मीटर कापते. आपल्या गाडीला उभ्या जागेवरून ६०चा वेग धरायला सहा सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात ती दीडशे मीटर जवळ आलेली असते. पिकअपचा खरा हिशेब हा.

जाहिरातीतला ‘शून्य ते शंभर’ मात्र मोकळ्या, सपाट ट्रॅकवर ठरतो. नगरजवळ वाहननगरात व्हीआरडीईचा असा चाचणी ट्रॅक आहे. इंदूरजवळ पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’चा ११.३ किलोमीटरचा. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, म्हणून मोजणाऱ्यांचा त्याच्यावर भरवसा नसतो. टपावर चुंबकाने चिकटवलेला जीपीएसचा अँटेना आणि आत छोटा डबा. तो सेकंदाला दहापासून शंभरपर्यंत वेळा वेग टिपतो. वारा आणि उतार यांचा फायदा एकाच बाजूला मिळू नये म्हणून त्याच पट्ट्यावर उलटसुलट धावून सरासरी काढतात. अमेरिकेतली काही मासिकं तर पहिला फूटभर धरतच नाहीत! त्यात सेकंदाचे दोन-तीन दशांश आयतेच वाचतात. शिवाय त्यांचे ६० मैल म्हणजे आपले ९६.६ किलोमीटर.

दहा सेकंदांत शंभर, म्हणजे दर सेकंदाला वेग सरासरी २.८ मीटर प्रतिसेकंद वाढतो; गुरुत्वाकर्षणाच्या पाव पटीहून थोडा जास्त. पण ही सरासरी झाली. पहिल्या गिअरला पाठ सीटला टेकते, पुढे हवेचा विरोध वाढत जातो आणि जोर ओसरतो.

चाचणीत बहुधा एक-दोन माणसंच असतात. आपण जेजुरीला निघतो ते पाच जण, वर पिशव्या. हजार किलोच्या गाडीत आणखी तीनशे किलो भरले की दहाचे तेरा सेकंद होतात. त्यात एसी चालू.

उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला मागे टाकायचं, तर शून्यावरून कुणी सुटत नाही. तिथे ३० ते ८०चा वेळ कामाचा. काही मासिकं ‘वीस ते ऐंशी’ आणि ‘चाळीस ते शंभर’ छापतात, ते आकडे आधी वाचा. आणि टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, घरची सगळी माणसं बसवून एसी लावूनच गाडी चालवून बघा.