वाहन कोणाचे, काम कोणाचे?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे विम्याचा, नोटिशीचा, कचेरीचा कोणताही कागद आला की तो वाचण्याचे काम माझ्याकडे येते. गेल्या वर्षी असाच एक कागद आला. वडील तालुक्याच्या गावी एका आडत दुकानात नोकरीला आहेत. मालकाची उधारी वसूल करण्यासाठी ते स्वतःच्या मोटारसायकलवरून शेजारच्या गावी निघाले होते. वाटेत एका सायकलस्वाराला धक्का लागला आणि त्याचा पाय मोडला. गाडीच्या विम्याची मुदत संपलेली होती, ही चूक आमचीच. पण मालक एवढेच म्हणाले, "गाडी तुझी, तेव्हा निस्तरायचेही तूच." आईची बोरमाळ मोडून दवाखान्याचा खर्च भागवला.

मालकांचे ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. उत्तर शोधता शोधता मी जाऊन पोचलो तो अमेरिकेतल्या खाजगी विमानांपाशी! वाचकहो, हसू नका. आमच्या गावावरून विमान फक्त आभाळातून जाते हे खरे; पण प्रश्न तोच आहे.

अमेरिकेत सर्वांसाठी खुले असे सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि प्रवासी कंपन्यांची नियमित विमाने त्यांपैकी थोड्याच ठिकाणी उतरतात. त्यामुळे एखादा अभियंता किंवा विक्रेता स्वतःचे वा भाड्याचे छोटे विमान घेऊन, ते स्वतः चालवत, कंपनीच्या कामाला जातो. तिथल्या नियमाप्रमाणे खाजगी वैमानिकाला विमान चालवण्याचा धंदा करता येत नाही. मात्र उड्डाण हे त्याच्या नोकरीतील केवळ आनुषंगिक असेल आणि तो भाडे घेऊन माणसे किंवा माल नेत नसेल, तर नोकरीच्या कामासाठी तो उडू शकतो. आता असे विमान कोसळले तर भरपाई कोणी द्यायची?

येथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. पहिला, खुद्द नोकराला इजा झाली तर काय? प्रवास कामाचा असेल तर सर्वसाधारणपणे त्याला कामगार नुकसानभरपाई मिळते; मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. विमानातला सोबती किंवा जमिनीवरचा तिऱ्हाईत माणूस जखमी झाला तर काय? येथे कायद्याचे जुने तत्त्व लागू होते: कामाच्या ओघात नोकराच्या हातून झालेल्या निष्काळजीपणाबद्दल मालकही जबाबदार असतो.

हे तत्त्व विमानाहून पुष्कळ जुने आहे. १८३४ साली इंग्लंडमध्ये घोडागाडीच्या अपघातावरून न्यायमूर्ती पार्क यांनी त्याची मर्यादा सांगितली. नोकर मालकाच्या कामावर असताना थोडी वाट वाकडी करून गेला तरी मालक सुटत नाही. पण तो पूर्णपणे स्वतःच्या हौसेखातर निघाला असेल, तर मालकावर बोजा पडत नाही. म्हणजे सोमवारी गिऱ्हाइकाकडे निघालेला विक्रेता आणि रविवारी मित्रांना घेऊन फिरायला निघालेला तोच विक्रेता, यांत कायदा फरक करतो. विमान तेच असले तरी!

मग मालकाने "स्वतःचे वाहन वापरू नये" अशी नुसती पाटी लावली तर तो सुटेल काय? कॅनडातील एका रेल्वे कंपनीने विमा नसलेली खाजगी मोटार कामासाठी वापरण्यास मनाई केली होती. एका नोकराने तरीही तशी मोटार कंपनीच्या कामासाठी नेली आणि अपघात झाला. १९४२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, जी त्या काळी हिंदुस्थानचीही शेवटची अपिलाची पायरी होती, कंपनीला जबाबदार धरले. मनाई काम करण्याच्या पद्धतीला होती, कामाला नव्हती, असा त्यामागचा विचार. हा निकाल वाचताना मला आमच्या मोटारसायकलची आठवण झाली, हे सांगायला नकोच.

म्हणूनच तिकडच्या शहाण्या कंपन्या पाटीवर विसंबत नाहीत. धंद्याच्या नेहमीच्या दायित्व-विम्यातून विमाने बहुधा वगळलेली असतात. म्हणून त्या परक्या मालकीच्या विमानांसाठी वेगळा विमा उतरवतात. उड्डाणाआधी लेखी परवानगी घ्यायला लावतात, परवाना व अनुभवाचे तास तपासतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हवा बिघडली तर परत फिरण्याची मोकळीक. "काहीही करून पोचलेच पाहिजे" या घाईने वैमानिक ढगात शिरतो. ती घाई पुष्कळदा कामाच्या ओझ्यातून येते.

आपल्याकडेही हे तत्त्व परके नाही. १९६० साली एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीचा व्यवस्थापक कंपनीची मोटार घेऊन नागपूरहून पांढुर्ण्याला निघाला होता. मोटार झाडावर आदळून सोबतचा प्रवासी दगावला. उच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे सोडले होते. पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. व्यवस्थापक कंपनीच्या कामावर होता, म्हणून कंपनी जबाबदार ठरली. नोकराच्या स्वतःच्या इजेबाबत १९२३ च्या कायद्याने दिलेले संरक्षणही आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आले असून, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

याचा अर्थ नोकर निर्दोष सुटतो असा नाही. जखमी मनुष्य दोघांवरही दावा करू शकतो. विमा भरणे हे वडिलांचे कर्तव्य होतेच. परंतु "गाडी तुझी" एवढ्याने मालकांची जबाबदारी संपत नव्हती. गाडी कोणाची, यापेक्षा काम कोणाचे, हे कायदा आधी विचारतो.

हे सारे मी वडिलांना वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आता मालकांशी भांडायला जाऊ नकोस. पण आधी ठाऊक असतं, तर एवढी मान खाली घातली नसती." मित्रहो, विम्याचा नवा कागद आता आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला आहे. त्याची तारीख मी वहीत लिहून ठेवली आहे.

— द्वितीय वर्ष कला